मदत हवी आहे: घर १२ दिवस बंद, आणि वीज गेली की कॅमेरा आंधळा

तळमजल्यावरचं घर १२ दिवस बंद राहणार आहे. शेजारीही तेव्हाच गावाला, त्यामुळे ‘शेजाऱ्यांना सांगा’ हा पर्याय बाद. पेपर बंद केलाय, दागिने लॉकरमध्ये, बाहेर लटकणारं कुलूप काढून लॅच बसवलंय, हॉलचा दिवा टायमरवर. अडलंय ते कॅमेऱ्यापाशी. मेन स्विच पाडून बघितला, तर वायफाय राउटरसकट सगळं ठप्प. मेमरी कार्ड आहे, पण चोराने कॅमेराच उचलून नेला तर त्याचा काय उपयोग? इन्व्हर्टर नाही. राउटर आणि कॅमेरा दोन्ही १२ व्होल्टचे, अडॅप्टरवर १ अँपिअर लिहिलंय. राउटरसाठी मिळणाऱ्या छोट्या यूपीएसवर दोन्ही मिळून ४ तास निघतील का, की सरळ सिमकार्डवाला बॅटरीचा कॅमेरा घ्यावा?