मदत हवी आहे: जर्मन 'वेअर' म्हणजे कोण, डच 'हू' म्हणजे कसं. यामागे काही नियम आहे का?

मंडळी,

म्युनिकला असताना जर्मनची बी१ पातळी झाली. आता नोकरीसाठी आइंडहोव्हेनला आलोय आणि डच शिकायला घेतली आहे. जो तो म्हणतो, "तुला काय, जर्मन येतं, सोपं जाईल." मोठे शब्द खरंच सोपे जातात. वात आणलाय तो बारक्या शब्दांनी.

इंग्रजीत 'हू' म्हणजे कोण, 'वेअर' म्हणजे कुठे. जर्मनमध्ये 'वेअर' म्हणजे कोण आणि 'वो' म्हणजे कुठे. जर्मन 'वी' म्हणजे कसं, पण डच 'वी' म्हणजे कोण आणि डच 'हू' म्हणजे कसं! इथे इमारतीची बेल वाजवली की वरून विचारतात, "वी इज दार?" म्हणजे 'कोण आहे?'. डोक्यातला जर्मन कप्पा 'कसं'वरच अडकून बसतो.

पाठांतराच्या युक्त्या नकोत, त्या यूट्यूबवर ढिगाने आहेत. हे असं उलटंपालटं का झालं, ते जाणकारांनी सांगावं.

ता.क. डच 'ऑफ' म्हणजे 'किंवा'. याचा इंग्रजी 'ऑफ'शी काही संबंध?

प्रतिसाद १

आपल्या 'क'पासून सुरू करा. कोण, कुठे, किती, कधी यांतला 'क' आणि तुमच्या शब्दांतला 'ह' किंवा 'व' मुळात एकच. जर्मेनिक भाषांत (इंग्रजी, जर्मन, डच, डॅनिश वगैरे) जुन्या 'क'चा 'ह' झाला. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने 1822 मध्ये मांडलेल्या नियमातला हा एक भाग. 'क्व'चं 'ह्व' झालं. पुढे कुणी 'ह' गाळला, कुणी 'व'. जर्मनने 'ह' गाळला म्हणून 'वी', डचने 'व' गाळला म्हणून 'हू'. इंग्रजी 'हाउ' हे डच 'हू'चं सख्खं भावंड.

तुमची खरी अडचण 'र'ची आहे, आणि हे दोन वेगवेगळे 'र' आहेत. जर्मन 'वेअर' (कोण) मधला 'र' म्हणजे संस्कृत 'कः'चा विसर्ग, म्हणजे मूळचा 'स्'. त्याचा आधी 'झ' झाला, मग 'र'. इंग्रजीत तो गळाला, 'हू' उरलं. इंग्रजी 'वेअर' (कुठे) मधला 'र' मात्र पहिल्यापासून 'र'च. संस्कृत 'कर्हि', 'तर्हि' यांत दिसतो तो. तो जर्मनने गाळला आणि 'वो' उरलं. एकीने हा 'र' ठेवला, दुसरीने तो.

पुरावा तुम्ही रोज बोलता: 'वोराउफ' (कशावर), 'वोरान' (कशाला), 'वोरिन' (कशात). पुढे स्वर आला की जर्मनमध्ये गेलेला 'र' परत येतो. 'दा'चं (तिथे) 'दाराउफ' (त्यावर) होतं तेही असंच.

एक गंमत: उत्तर जर्मनीतल्या प्लाट्ट बोलीत 'वो' म्हणजे 'कसं'. तिथे "वो गाइट दी दाट?" म्हणजे "कसा आहेस?". तेव्हा हॅम्बुर्गकडे गेलात तर सांभाळून.

प्रतिसाद २

ता.क.चं उत्तर: नाही. डच 'ऑफ' हा जर्मन 'ओप' आणि इंग्रजी 'इफ' यांच्या घरातला. इंग्रजी 'ऑफ'चे नातलग म्हणजे डच 'आफ', जर्मन 'आप' आणि आपला 'अप' उपसर्ग. इंग्रजीत 'चा-ची-चे'वाला 'ऑव्ह' आणि दिवा बंद करण्याचा 'ऑफ' हे एकेकाळी एकच होते. जोर देऊन म्हटला तो 'ऑफ' झाला.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. 'वोराउफ' शेकडो वेळा म्हटलं असेल, हा 'र' कुठला असा प्रश्नच कधी पडला नाही. आणखी एक विचारू का? ऑफिसातली डेन्मार्कची सहकारी 'कोण'ला 'वेम' म्हणते. हा 'म' कुठला?

प्रतिसाद १

ते मुळात 'कोणाला'. जर्मन 'वेम', इंग्रजी 'हूम', संस्कृत 'कस्मै' ही त्याचीच भावंडं. डॅनिश, स्वीडिश आणि नॉर्वेजियन मंडळींनी विभक्तीचं ते रूप कर्त्यालाही चालवून घेतलं. तिच्याशी बोलताना 'वो'-'वेअर' दोन्ही विसरा. डॅनिशमध्ये 'कुठे'ला लिहितात 'ह्वोर' आणि त्यातला 'ह' कुणी उच्चारत नाही.