भौतिकशास्त्रातून पेशींकडे

पेशींना भोवतालचे संकेत कसे कळतात यावर संशोधन करायचं तर पहिल्यापासून जीवशास्त्रच हवं, हे मत मला अजिबात पटत नाही. जिवाणूंच्या हालचालींचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ हॉवर्ड बर्ग यांचंच बघा. पीएचडी हायड्रोजन मेसरवर (लेसरसारखंच, पण सूक्ष्मलहरींचं उपकरण), म्हणजे निव्वळ भौतिकशास्त्र. पुढे त्यांनी पोहणाऱ्या एकेका जिवाणूचा तिन्ही मितींत माग काढणारा सूक्ष्मदर्शक बांधला. १९७२ मध्ये त्यातून केलेल्या निरीक्षणांवरचा शोधनिबंध आला. ई. कोलाय हा आतड्यात राहणारा जिवाणू साधारण सेकंदभर सरळ पोहतो, क्षणभर जागच्या जागी गडगडतो आणि भलत्याच दिशेने निघतो. अन्नाचं प्रमाण वाढत असेल तर सरळ धाव लांबते, बस्स! पेशी इवलीशी, तिच्या दोन टोकांमधला प्रमाणातला फरक नगण्य, त्यामुळे ती आत्ताचं प्रमाण काही सेकंदांपूर्वीच्या प्रमाणाशी ताडून बघते. एका पेशीला स्मरणशक्ती असते, हे मला अजूनही थक्क करतं. भौतिकशास्त्राच्या मुलांनी बेलाशक इकडे वळावं.