कोल्हापूरला दोन दिवस: खोली देवळाजवळ घ्यावी, की गाडीला जागा मिळेल तिथं? (ऑनलाइन चर्चा; प्रत्येक पोस्टच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

पूर्वरंग
शनिवार-रविवारसाठी कोल्हापूरला निघालेल्यांना माझं सांगणं असं आहे: मुक्काम जुन्या गावात करा, अंबाबाईच्या देवळापर्यंत चालत जाता येईल इतक्या जवळ, आणि गाडी मात्र जुन्या गावात आणूच नका. या दोन्ही गोष्टी जोडीनं पाळायच्या. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. खोली घेतात लांब, आणि मग दर्शनाला, मिसळीला, चप्पल बघायला, खासबागेत भेळ खायला दर वेळी गाडी काढून पेठेत, म्हणजे याच जुन्या गावात, घुसतात.

हायवेवरून तावडे हॉटेलपाशी आत वळलं की कावळा नाका, दाभोळकर कॉर्नर, व्हीनस कॉर्नर, दसरा चौक. इथवर कुणालाही गाडी आणता येते. पेच पडतो तो बिंदू चौकाच्या पुढं. बिंदू चौकात तटबंदीचा एक तुकडा अजून उभा आहे, तो जरा थांबून बघा. जुनं गाव त्या तटाच्या आत होतं. तट गेला, वेशी गेल्या, गंगावेश आणि रंकाळावेश ही नावं राहिली, आणि गल्ल्या होत्या तेवढ्याच रुंद राहिल्या. शनिवारी संध्याकाळी महाद्वार रोड आणि गुजरीत माणसांनाच माणसं घासतात. तिथं चारचाकी आणणं हा त्या रस्त्यावर अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं.

जवळ राहिलात तर पहाटेच्या काकड आरतीला अंघोळ करून पाच मिनिटांत पोचता. शुक्रवारी रात्री पालखी असते, ती बघून चालत खोलीवर येता. दुपारी भवानी मंडप, जुना राजवाडा झाला की पाठ टेकायला जाता येतं. संध्याकाळी खासबाग मैदान, शेजारचं २०२४ च्या आगीत जळालेलं केशवराव भोसले नाट्यगृह, नंतर गंगावेशीत दूधकट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध. हे सगळं पायी होतं.

खोल्या साध्या असतात. बऱ्याच ठिकाणी लिफ्ट नसते. दोन रात्रींना चालतं. गाडी दसरा चौकात किंवा बिंदू चौकाच्या पार्किंगला लावा, बॅगा रिक्षात टाका, आणि रविवारी निघतानाच गाडीकडं या. बिंदू चौकात लावलीत तर फुले आणि आंबेडकरांचे पुतळे बघितल्याशिवाय जाऊ नका. डॉ. आंबेडकर हयात असताना, ९ डिसेंबर १९५० ला त्यांचं अनावरण झालं आहे.

घाटमाथा
मला हे अजिबात पटलं नाही, आणि का ते सविस्तर सांगतो.

"लिफ्ट नसते, दोन रात्रींना चालतं" हे वाक्य तुम्ही एका ओळीत उरकलंत. आमच्या घरी तिथंच सगळं अडतं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. सोबत लहान मूल, त्याचं सामान. जुन्या इमारतीचा अरुंद जिना दिवसातून तीनदा चढायचा असेल तर तिच्यासाठी ही सहल राहत नाही, शिक्षा होते. आम्ही ताराबाई पार्कात राहतो. आवारात गाडी उभी असते, लिफ्ट असते, रात्री शांत असतं. देवळात जायला रिक्षा करतो. म्हणजे पेठेत गाडी न्यायची नाही हे आम्हीही पाळतो, फक्त खोली दूर असते. तुम्ही दोन्ही एकत्र बांधून टाकलंत, तसं बांधायची गरज नाही.

दुसरं, कोल्हापूर म्हणजे फक्त पेठ आहे का? पन्हाळा, जोतिबा, नरसोबाची वाडी, खिद्रापूरचं कोपेश्वर, कसबा बावडा रोडचा न्यू पॅलेस. यातलं दुसऱ्या दिवशी काही ना काही करायचं असतंच. सकाळी सातला पन्हाळ्याला निघायचं तर गाडी हाताशी हवी. आधी रिक्षानं दसरा चौक, मग गाडी शोधा, कुणी पुढं आडवी लावली असेल तर त्याची वाट बघा, हा द्राविडी प्राणायाम कशाला?

आणि दसरा चौक हे मैदान आहे. सभा तिथं, मोर्चे तिथून, दसऱ्याचा सोहळा तिथं. रात्रभर तिथं गाडी ठेवून झोप कुणाला लागेल?

पूर्वरंग
आईंच्या गुडघ्याचा मुद्दा मान्य, त्यावर वादच नाही. पण तुमच्यासारखे रिक्षा करणारे थोडे. ताराबाई पार्कात, स्टेशन रोडला राहणारे बहुतेक जण "एवढी गाडी आहे तर रिक्षा कशाला" म्हणून गाडीनंच येतात. शनिवारी दुपारी बिंदू चौकात उभं राहून कुठली पासिंगं येतात ते बघा. माझा सल्ला त्यांच्यासाठी आहे.

मंगळवारपेठ
तुमा दोघांचं वाचलं. आता आमचं बी ऐका, आमी हितंच राहतोय.

पावण्यांनी यावं. यायलाच पायजे. ह्या गावात शाहू महाराजांनी १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, जैन बोर्डिंग त्याच साली, १९०६ ला मुस्लिम बोर्डिंग. जातीजातीच्या परगावच्या पोरांना राहायला जागा करून देणारं गाव हाय हे. पावणा आला म्हणून तोंड वाकडं करणारी आमी माणसं न्हवं.

पण दारात गाडी लावून चावी घिऊन देवळात गेलासा तर आमी काय करायचं? वडिलांना रात्री छातीत दुखायला लागलं, सीपीआरला, सरकारी दवाखान्यात, न्यायचं हुतं, आणि दारात परगावची गाडी. काचंवर नंबर न्हाई, कुणाची कळंना. शेवटी उचलून कोपऱ्यापर्यंत नेलं, तिथनं रिक्षा. वडील बरं हायत आता. पण त्या रात्रीचं मी इसरणार न्हाई.

तर पूर्वरंग म्हणतात ते गाडीपुरतं सोळा आणं खरं हाय. खोली कुठं बी घ्या, ती तुमची मर्जी. पण पेठेतल्या लॉजवाल्यांनी बी बुकिंग घेतानाच सांगावं की गाडीला जागा न्हाई. ते सांगत न्हाईत, आणि माणूस दारात आला की गल्लीकडं बोट दावत्यात.

काउंटर
लॉज सांभाळतो, त्यामुळे शेवटचा आरोप मलाच लागू होतो. आमच्यातले काही जण असं करतात, हे खरं आहे. पण पाहुण्यांनाही काही गोष्टी माहीत असायला हव्यात.

बुकिंगच्या अ‍ॅपवर "पार्किंग उपलब्ध" एवढंच लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ तीन प्रकारचा निघतो. एक, स्वतःचं कुंपणाचं आवार आणि वॉचमन. दोन, इमारतीखाली चार-पाच गाड्यांची जागा, जो आधी येईल त्याची. मागचा निघायचा तर पुढच्याची चावी काउंटरवर ठेवावी लागते. तीन, समोरचा रस्ता. फोन करून थेट विचारा: जागा आवारात आहे का, माझ्या नावानं राखून ठेवाल का, चावी द्यावी लागेल का, आणि मोठी गाडी असेल तर बेसमेंटच्या उतारावरून जाते का. उत्तर देताना माणूस घुटमळला की समजा, जागा रस्त्यावर आहे.

अ‍ॅपवर पैसे भरून मग भांडण्यापेक्षा हा दोन मिनिटांचा फोन करा. चेक-आउट बारा वाजता आहे की चोवीस तासांचं, तेही त्याच फोनवर विचारा. पहाटे पोचणाऱ्याला त्यानं एका दिवसाच्या भाड्याचा फरक पडतो.

आणखी एक. १८ ऑगस्ट २०२५ पासून भाऊसिंगजी रोडला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय. त्यामुळे दसरा चौक, सीपीआर भागात आता आडवारीसुद्धा वकील-पक्षकारांची वर्दळ असते. गुरुवार-शुक्रवार जोडून येणाऱ्यांनी खोली सहज मिळेल हे गृहीत धरू नये.

रुळावरून
गाडी आणायचीच कशाला? मुंबईहून रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसला बसा, सकाळी स्टेशनवर उतरा. पुण्याहून आठवड्यातले काही दिवस वंदे भारत आहे. सातारा-कागल रस्त्याचं सहापदरीचं काम ज्यांनी अनुभवलंय त्यांना मी वेगळं काय सांगू! पन्हाळ्याला एसटी जाते, वडाप म्हणजे सीटवर भाडं घेणारी जीप मिळते, दिवसभराची टॅक्सी करता येते. पार्किंगचा प्रश्नच उरत नाही.

घाटमाथा
कोपेश्वरला वडापनं आई आणि लहान मूल घेऊन जाऊन दाखवा, मग बोलू.

गडवाट
पन्हाळ्यावरच राहा की सगळे. वर हवा चांगली, गाडीला जागा भरपूर, देवळात यायला वीसेक किलोमीटर.

मंगळवारपेठ
आणि त्या वीस किलोमीटरवरनं दर्शनाला येणार कशानं? गाडीनंच न्हवं? शिवाजी पुलावरनं सरळ गंगावेशीत. म्हंजे आमच्याच दारात.

स्टेअरिंग
मी टेम्पो ट्रॅव्हलर चालवतो, सांगलीचा आहे. एवढी चर्चा झाली, गाडी कुठं लावायची यावर सगळे बोलले. गाडी चालवणारा कुठं झोपणार हे कुणीच लिहिलं नाही.

पार्टी पेठेत उतरते. सतरा माणसं, सहा खोल्या. गाडी लांब मैदानात. आम्ही सीटवर झोपतो. उन्हाळ्यात काच खाली करावी तर डास, वर करावी तर घुसमट. पहाटे संडासला कुठं जायचं? चार पैसे देऊन स्टँडवर. मग त्याच दिवशी जोतिबाचा घाट चढायचा, संध्याकाळी मुंबईचा रस्ता धरायचा. झोप न झालेल्या माणसाच्या हातात तुम्ही तुमची पोरंबाळं देता.

ताराबाई पार्क-स्टेशन रोडच्या काही हॉटेलात ड्रायव्हरसाठी खाटा असलेली खोली असते, न्हाणी असते. मला विचाराल तर तिथंच राहा. देऊळ लांब पडलं तरी चालेल. आणि पेठेतच राहायचं असेल तर ड्रायव्हरसाठी धर्मशाळेत एक खाट बघा, तेवढी रक्कम सहलीच्या खर्चात धरा.

पूर्वरंग
तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी स्वतःच्या गाडीनं येणाऱ्यांपुरतं लिहिलं होतं. भाड्याच्या गाडीला माझा सल्ला तसाच लावला तर त्याची किंमत तुम्हाला मोजावी लागते. तिथं मी तुमच्या बाजूनं आहे: ड्रायव्हरची खोली आधी, मग बाकीच्यांची.

बंधारा
जुलै-ऑगस्टमध्ये येणाऱ्यांसाठी वेगळं गणित आहे, ते कुणी मांडलं नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. दोन्ही वेळा शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि व्हीनस कॉर्नरला पाणी होतं. म्हणजे ज्या पट्ट्यात आवार आणि बेसमेंट असलेली बरीच हॉटेलं आहेत, त्यातला शाहूपुरीचा सखल भाग पुरात आधी बुडतो. पेठेतला देवळाचा भाग उंचावर आहे.

तेव्हा पावसाळ्यात "आवारात पार्किंग" ऐकून खूश होऊ नका. बेसमेंट असेल तर नकोच म्हणा. बातम्यांत पातळी ३९ च्या पुढं दिसली तर बेत पुढं ढकला. केर्लीजवळ रस्त्यावर पाणी आलं की पन्हाळाही तुटतो, मग घाटमाथांचा दुसरा दिवस तसाही हॉटेलातच जाईल.

घाटमाथा
पावसाळ्याचं मान्य. पण उरलेल्या आठ-नऊ महिन्यांत ताराबाई पार्क, सायक्स एक्स्टेंशन, नागाळा पार्कचा वरचा भाग यात काय खोट आहे, हे अजून कुणी सांगितलेलं नाही. पूर्वरंग म्हणतात लोक गाडीनं पेठेत येतात. तो लोकांच्या सवयीचा दोष, खोलीच्या जागेचा नाही. हॉटेलांनी काउंटरवर रिक्षाचा नंबर ठेवला आणि महापालिकेनं शनिवार-रविवारी दसरा चौकातून देवळापर्यंत केएमटीच्या, म्हणजे शहर बससेवेच्या, लहान बस सोडल्या तर हे लोकही गाडी काढणार नाहीत.

पूर्वरंग
त्या बस सुरू झाल्या तर मी आनंदानं माझं म्हणणं मागं घेईन. आजच्या घडीला नाहीत. आज गाडी खोलीखाली उभी असली की माणूस ती काढतोच, म्हणून मी ती त्याच्यापासून लांब ठेवायला सांगतो. रात्री मैदानात नको वाटत असेल तर राखण असलेलं पार्किंग घ्या, पावती घ्या, काचेवर स्वतःचा नंबर लिहून ठेवा. मंगळवारपेठांच्या वडिलांच्या वेळी तेवढा नंबर असता तरी पुरलं असतं.

मंगळवारपेठ
नंबर लिवलासा तर फोन उचला बी. देवळात फोन बंद ठेवत्यात लोक.

काउंटर
नोव्हेंबरात ९ ते ११ किरणोत्सव असतो, मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात. पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. त्या संध्याकाळी, नवरात्रात आणि जोतिबाच्या चैत्र यात्रेला वरचे दोन्ही सल्ले चालत नाहीत, कारण बिंदू चौकच काय, दसरा चौकसुद्धा भरलेला असतो. त्या दिवसांत पोलीस आणि महापालिका पार्किंगच्या जागा ठरवून आधी जाहीर करतात. ती यादी बघून मगच खोली ठरवा, आणि स्टेअरिंग म्हणतात तशी ड्रायव्हरची खाट आमच्याकडं विचारा. मागच्या बाजूची एक खोली मी त्यासाठी रिकामी करतोय.