विषय: कोजागिरीच्या दुधात क्रीम किती?

मंडळी,
शनिवारी मसाला दूध आहे. इथल्या, अमेरिकेतल्या होल मिल्कमध्ये फॅट ३.२५ टक्के. आपल्याकडच्या फुल क्रीमसारखं ६ टक्क्यांचं करायचं, तर ३६ टक्क्यांचं हेवी क्रीम किती लागेल? अंदाजपंचे ओतायचं नाहीये. लेकीला सध्या शाळेत मिश्रणाचीच गणितं आहेत, पण ती सारखी "क्ष धर" म्हणतेय.
— स्वयंपाक समिती

काकू,
क्ष राहू दे. ६ पासूनचं अंतर बघा. दुधात २.७५ कमी, क्रीममध्ये ३० जास्त. एका क्वार्ट (साधारण एक लिटर) क्रीममधले जादाचे ३० किती क्वार्ट दुधाची तूट भरतील? ३० भागिले २.७५, म्हणजे जवळजवळ ११. ताळा करा: ११ × ३.२५ = ३५.७५, त्यात क्रीमचे ३६ मिळवून ७१.७५, भागिले १२, आले ५.९८. तुम्ही ३ गॅलन, म्हणजे १२ क्वार्ट दूध घेणार असाल तर क्रीम १.१ क्वार्ट येतं. त्या पॉइंट एकसाठी दुसरा डबा फोडू नका.
पोरं अडकतात ती इथे, की अंतरं उलटी लागतात. दुधाच्या वाट्याला क्रीमचं अंतर, क्रीमच्या वाट्याला दुधाचं.
आणि हो, हा हिशोब न आटवलेल्या दुधाचा. १२ क्वार्टचं आटून ९ झालं तर ६ चे ८ टक्के होतील. आटवणारच असाल तर क्रीम निम्मं पुरे, असं माझं मत.
— खजिनदार

खजिनदारसाहेब,
भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) हेच सोन्याचं आहे. १६ वर्णाचं आणि १० वर्णाचं सोनं मिसळून १२ वर्णाचं झालं, तर दोन्ही किती किती? वर्ण म्हणजे सोन्याचा कस. लेकीला घाला हे गणित.
— ग्रंथालय

घातलं. १६ चं २ भाग, १० चं ४, म्हणजे १ : २. वर मलाच विचारते, यातून १८ वर्णाचं कसं करायचं?
— स्वयंपाक समिती

होणारच नाही. नुसतं मिसळून उत्तर १० आणि १६ च्या मधेच कुठेतरी येणार. मिश्रणाचा कस वाढवायचा तर हिणकस बाहेर काढायला हवं, जसं दूध आटवताना पाणी जातं.
बिलं जपून ठेवा. केशर कोण आणतंय?
— खजिनदार