हर्बेरियम विसरू नका

विद्यापीठांनी जैवविविधतेसाठी काय करावं या चर्चेत वर एकांनी लिहिलंय की त्यांनी आवारात दरवर्षी हजारो झाडं लावावीत, म्हणजे जैवविविधता आपोआप वाढेल. अर्धंच पटलं. आवारात मूळचं माळरान असेल तर तिथे झाडांच्या रांगा लावणं म्हणजे गवत आणि त्यावर जगणारे पक्षी-कीटक हुसकावणं. आणि झाडं काय, कोणीही लावू शकतं. विद्यापीठाकडे असतं ते दुसरंच: शंभर-दीडशे वर्षांच्या नोंदी सांभाळण्याची सोय.

चर्चेत हर्बेरियमचा, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या नमुन्यांच्या संग्रहाचा, विषय कुणीच काढला नाही. एका कागदावर चिकटवलेली वाळकी फांदी आणि कोपऱ्यात चिठ्ठी: जागा, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, कधी 'फुलं पांढरी, ओढ्याकाठी' एवढंच. शिकत असताना असे कागद उलगडताना मला ते निव्वळ अडगळ वाटायचे! पण हार्वर्ड विद्यापीठाच्या आर्नल्ड आर्बोरेटम या वृक्षोद्यानातली झाडं आणि त्यांचे असेच जुने नमुने ताडून पाहिल्यावर कळलं, की १९००-१९२० च्या तुलनेत १९८०-२००२ मध्ये ती सरासरी ८ दिवस आधी फुलत होती. तारखेची ती चिठ्ठी नसती तर हे कशावरून काढणार होतो?

उलट अमेरिकेतल्याच ड्यूक विद्यापीठाने २०२४ मध्ये आपलं आठ लाखांहून जास्त नमुन्यांचं हर्बेरियम बंद करायचं जाहीर केलं. नमुने इतर संस्थांकडे जातील, ठीक. पण जागा आणि पैसा कमी पडला की कात्री आधी इथेच लागते. वृक्षारोपणाचे फोटो तरी छापून येतात, कपाटातल्या कागदांचे कोण छापणार!