प्रतिसाद: माँ ब्लाँ अपघात, नुसती पायलटची चूक?

वर एकांनी लिहिलंय की १९६६ ला एअर इंडियाचं 'कांचनजंगा' नावाचं विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ डोंगरावर आदळलं ती सरळसरळ पायलटची चूक, पण मला ते अर्धंच वाटतं. एक व्हीओआर (रेडिओ सिग्नलवरून दिशा दाखवणारं विमानातलं उपकरण) बैरुतहून निघतानाच बंद होता हे खरंय, त्यामुळे पायलटचा आपण कुठे आहोत याचा अंदाज चुकला आणि तोच त्याने जमिनीवरून विमानांना सूचना देणाऱ्या कंट्रोलरला सांगितला. पण पुढचं बघा ना, जिनिव्हाच्या कंट्रोलरला रडारवर ती चूक दिसली होती! त्याने खरी पोझिशन कळवली, म्हणजे त्याच्या मते कळवली, पण शब्द इतके मोघम की पायलटला वाटलं डोंगर मागे पडला, आणि तो खाली उतरत राहिला. ११७ माणसं गेली, होमी भाभाही त्यातच. चौकशी अहवालातही नेमक्या शब्दांचा अभाव हे कारण दिलंय. 'तुम्ही अजून डोंगर ओलांडलेला नाही, उतरू नका' एवढं स्पष्ट बोललं गेलं असतं तर? हे मला अजून टोचतं.

आणि लांब कशाला, १९६२ ला मुंबईला येणारं अलितालियाचं विमान रात्री जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं, ९४ गेले, तिथेही मुंबई जवळ आली असं समजून लवकर खाली उतरले होते. आम्ही घाटकोपरला राहतो, गच्चीवरून लँडिंगची विमानं एकामागोमाग दिसतात, चाकंसुद्धा दिसतात, मागे टेकडी. तेव्हा हेच डोक्यात येतं, की रीडबॅक म्हणजे ऐकलेलं परत बोलून दाखवणं, त्यात आकडा बरोबर आला तरी समोरच्याच्या डोक्यातला नकाशा चुकीचा असू शकतो.