रंग सोडा, देठ बघा

ताई, फोंड्याच्या तुमच्या कुंडीतली पॉपी कुठली असं तुम्ही इथे विचारलंत, ते रंगावरून नाही कळायचं. लाल-गुलाबी शोभेच्या शर्ली पॉपीतही असतं आणि अफूच्या पॉपीतही. देठ चिमटीत धरा. राठ केस लागले आणि पान खोल कातरलेलं असेल तर शर्ली. पान गुळगुळीत, निळसर-राखाडी, बुडाशी खोडाला वेढून बसलेलं असेल तर अफूची. ती मात्र उपटाच! १९८५च्या अंमली पदार्थ कायद्यानं परवान्याशिवाय लावता येत नाही, शोभेलासुद्धा. कॅलिफोर्नियन पॉपीचं पान शेपूसारखं, शेंग लांब, बारीक.

या चर्चेत वर कुणी टाकलेला काटेरी पानांचा, पिवळ्या फुलाचा फोटो म्हणजे रस्त्याकडेचा फिरंगी धोतरा. कूळ पॉपीचंच, पण मोडला की पिवळा चीक येतो. त्याचं बी मोहरीत गेलं तर विषारी.